पानमळ्यातले बिनपानाचे झाड

काशम्माचे पुढचे चार दात अमावास्येला सकाळी पाडायचे, असे ठरले तेव्हा मी तिथेच बसलो होतो. ते ठरण्याआधी मला सहा प्रश्न विचारण्यात आले होते आणि सहाही प्रश्नांची मी बरोबर उत्तरे दिली होती. आजही कुणी परीक्षकाने ती उत्तरे तपासली तर मला पुरे गुण देईल.

सन १९३१ चा भाद्रपद होता. वनस्पतिशास्त्र घेऊन मी आदल्या वर्षी पुण्याला बी.एस्सी. झालो होतो आणि सोलापुरात एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. शुक्रवार पेठेत पानाच्या दुकानावर माझी खोली होती. सुट्टीच्या दिवशी पत्र्याचा डबा खांद्याला लावून मी ओढ्याकाठी, किल्ल्याच्या खंदकात झाडे गोळा करत हिंडे. त्यामुळे खालच्या दुकानात माझे नाव ‘झाडांचे मास्तर’ पडले होते. त्या दुकानाला पाने पुरवणारा चन्नप्पा एका दुपारी जिना चढून वर आला. त्याचा पानमळा अक्कलकोटच्या वाटेवर, शहरापासून अडीच कोसांवर होता.

त्याच्या हातात फडक्याची एक पुरचुंडी होती. ती त्याने जमिनीवर ठेवली आणि शेवरीच्या दोन काटक्यांनी उलगडली.

“झाडातलं कळतंय म्हनं तुमास्नी.”

“थोडेफार.”

“मग ह्ये बगा. हात लावू नगा पर.”

मी हात लावला. वीतभर उंचीच्या हिरव्या काड्यांचा तो एक झुबका होता. प्रत्येक काडी वर जाऊन दोन झाली होती, त्या दोनाच्या चार, चाराच्या आठ. पान एकही नव्हते. काड्यांच्या बगलेत मोहरीएवढे पिवळे दाणे होते. भिंग लावले तर प्रत्येक दाणा तीन फाकींचा. मी भिंग पुसून पुन्हा लावले. हे सायलोटम होते. कॉलेजात मी ते फक्त स्पिरिटच्या बरणीत पाहिले होते, पांढरे पडलेले.

“काय हाय ह्ये?” चन्नप्पाने विचारले.

“फार जुन्या जातीची वनस्पती आहे. नेच्याच्या गोतातली म्हणा. दमट, उष्ण मुलखात होते. सोलापुरात सापडेल असे मला कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.”

“म्हंजी हितली न्हवं.”

“नव्हे.”

त्याने हळूच मान हलवली. त्याला समजले, असे मला वाटले. मग तो म्हणाला की नागपंचमीपासून मळ्यातले वेल वाळताहेत, तीन वाफे गेले, आणि जिथे वेल वाळतात तिथेच शेवरीच्या बुडाशी ह्या काड्या निघाल्यात. “उद्या सुट्टी हाय न्हवं? या की मळ्यात. घरातली चार मानसं असतील. त्येंच्यापुढं सांगा, काय हाय ते. घरातल्याच मानसाचा सवाल हाय.”

घरातल्या कोणत्या माणसाचा, हे मी विचारले नाही. कागद, दोरा, चाकू घ्यायचा, हेच माझ्या डोक्यात होते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बैलगाडीतून आम्ही गेलो. ज्याने पानमळा आतून पाहिला नाही त्याला मला एवढेच सांगता येईल की भर उन्हातून आपण एका ओल्या, हिरव्या खोलीत शिरतो. शेवरीच्या रांगा दाट लावलेल्या, प्रत्येक शेवरीवर वेल चढलेला, वर पानांचे छत आणि खाली पाटाच्या पाण्याने सदा भिजलेली माती. मळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. विटाळाच्या बाईने जायचे नाही, पारोशाने जायचे नाही. कुंपणाच्या दाराशी एक सपाट दगड होता. त्यावर उभे राहून पाय धुवायचे आणि मग आत पाऊल टाकायचे.

माझ्या पायांवर पाणी घातले ते काशम्माने. चन्नप्पाच्या थोरल्या भावाची ती विधवा. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने वाळकी, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि उजव्या अंगठ्यावर पाने खुडायची लोखंडी नखी. माझ्या डब्याकडे बघून ती चन्नप्पाला म्हणाली, “मास्तरांचा डबा बी धुवायचा का? त्यो बी आत जानार दिसतोय.”

“वैनी, गप की,” चन्नप्पा म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

आत मी तासभर गुडघ्यांवर होतो. अकरा झुबके मोजले. एक उकरून पाहिला तर जमिनीत आडवे, तपकिरी, केसाळ खोड होते, मूळ म्हणावे असे काही नाही. पुस्तकात वाचले होते तसेच, अगदी तसेच. काही काड्या कापून दोन नमुने मी कागदात दाबून घेतले. मग वाळत्या वेलांपैकी एक उपटून पाहिला. त्याची मुळे काळी पडून गिळगिळीत झाली होती आणि त्यांना सडका वास येत होता. त्या वाफ्यांत पाणी साचून राहत होते. कारण उघड होते. पाण्याने मुळे कुजली होती आणि कुजलेल्या मुळांवर बुरशी बसली होती. शेजारच्या हिरव्या वेलांची बुडे उकरली तर चाळीसएकांची मुळे तशीच काळी होती. मी वहीत ते लिहून ठेवले. सांगायचे पुढे केव्हातरी, असा विचार केला. मला ते कुणी विचारलेच नाही.

विहिरीजवळ चिंचेखाली माणसे बसली होती. चन्नप्पाची म्हातारी आई निंगव्वा, तिचे दोन पुतणे आणि कोंडीबा नावाचा एक देवऋषी. कोंडीबा पन्नाशीचा, स्वच्छ पागोट्याचा माणूस होता. अंगात येणे, घुमणे, डोळे फिरवणे यातले त्याच्यात काही नव्हते. आवाज मऊ, बोलणे थोडे. त्याने मला घोंगडीवर बसवले आणि स्वतः जमिनीवर बसला. काशम्माला मोटेच्या धावेवर, वीसेक पावलांवर, एकटी बसवली होती.

“मास्तर, आमी अडानी,” कोंडीबा म्हणाला. “इचारतो तेवढं सांगा. ह्या झाडाला मूळ हाय?”

“जमिनीत जे दिसते ते खोडच आहे, आडवे. त्याला बारीक केस असतात.”

“म्हंजी मूळ न्हाय.”

“नाही.”

“पान?”

“खवल्यासारखे काहीतरी असते. त्याला पान म्हणता येत नाही.”

“फूल?”

“नाही.”

“बी?”

“बी नाही.”

“मग उगवतं कशानं?”

“ह्या पिवळ्या दाण्यांत धुळीसारखी पूड असते. ती ओल्या मातीत पडली की जमिनीखाली, दिसणार नाही अशी, वाढत राहते. वर्षे जातात. मग एक दिवस वर निघते.” मला हे सांगताना आनंद होत होता. इतके नेटके प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला शाळेत मिळाला नव्हता.

“ती धूळ मानसाच्या हातानं येती?”

“वाऱ्याने येते, मातीबरोबर येते. हातापायाला लागूनही येऊ शकते.”

कोंडीबाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “ह्या वाफ्यास्नी नवी माती कुनी घातली?”

“तिनंच,” निंगव्वा म्हणाली. “पाटी-पाटी तिनंच वाहिली. दुसरं कोन हाय?”

“मूळ न्हाय, पान न्हाय, फूल न्हाय, बी न्हाय,” कोंडीबा माणसांकडे वळून म्हणाला. “पानमळ्यात बिनपानाचं झाड. आमी म्हनलं आसतं तर आमचं अज्ञान. ह्ये शिकलेल्या मानसानं सांगितलं. ही भानामती हाय.”

मग निंगव्वाच्या पुतण्याने विचारले, “किती दात?” आणि कोंडीबा म्हणाला, “वरचे दोन, खालचे दोन. पुढचे. तेवढे गेले की मंत्राचं अक्षर फुटत न्हाय. अमावस्येला सकाळी, उनं यायच्या आत.”

अमावास्या चार दिवसांवर होती.

मी उठलो. हा अन्याय आहे, वेडेपणा आहे, ही वनस्पती आहे, पोथ्यांत नव्हे पुस्तकांत तिचे चित्र आहे, वेल पाण्याने मरताहेत, असे सगळे मी एकदम बोललो. कोंडीबाने शांतपणे ऐकून घेतले.

“पानी तर दरसाल आसतंय,” तो म्हणाला. “औंदाच येल का मेले? आनि तुमी आत्ता काय सांगितलासा ते तुमीच मोडताय व्हय?”

माझ्याजवळ उत्तर होते, पण ते लांब होते. तोपर्यंत माणसे उठून उभी राहिली होती.

बाहेर पडताना मी दगडावरून पायताणे उचलली. काशम्मा कुंपणाशी उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

“लई शिकलासा मास्तर,” ती म्हणाली. “आनि थोडं कमी शिकला आसता तर माझं भागलं आसतं.”

परतताना चन्नप्पा गाडी हाकत होता. शहर दिसू लागल्यावर म्हणाला, “ल्हान हुतो तवा मला न्हाऊ घातलंय वैनीनं. माझ्या आयपेक्षा जास्ती.” आणि थोड्या वेळाने, “दातच की. जीव कोन घेतंय?”

“कोंडीबाने पूर्वी कुणाचे पाडलेत?”

“औंदा उनाळ्यात एकीचे पाडले, तिकडं खालच्या अंगाला.”

“कशी आहे ती?”

त्याने बैलांचा कासरा उगाच ओढला. “तोंड सुजलं. मग ताप आला. आठव्या दिशी गेली. पर ती येगळ्या कारनानं गेली म्हनत्यात.”

त्या चार दिवसांत मी जेवलो की नाही, आठवत नाही. वर्गात हायड्रोजन कसा तयार करतात ते सांगताना माझे लक्ष मुलांच्या दातांकडे जाई. पहिल्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदाराने गावचा पाटील कोण ते विचारले. पाटील चन्नप्पाचा चुलतभाऊ होता. “अजून काही झालेलं नाही ना?” अंमलदार म्हणाला. “झालं म्हणजे या.”

दुसऱ्या दिवशी दुकानात पाने घेऊन आलेल्या चन्नप्पाला मी जिन्यावर गाठले. मला कारण शोधायचे होते. औंदाच का, ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर मी कोंडीबापुढे उभा राहू शकणार होतो.

“वेलाचे बेणे कुठून आणलेत?”

“हे तीन वाफे? तीन सालामागं शिरसीकडनं आनलं. तिकडचं पान मोठं आसतंय. मीच गेल्तो.”

“कशात गुंडाळून?”

“वल्या काथ्यात. शेवाळ लावून.”

सगळे जुळले. शिरसीच्या ओल्या रानातला काथ्या आणि शेवाळ, त्यात ती पूड. तीन वर्षे जमिनीखाली वाढून आता वर आली होती. शिवाय त्या मुलखातला तो वेल सोलापूरच्या चिकट मातीत, साचत्या पाण्यात दोन-तीन वर्षांपलीकडे टिकणारा नव्हता. म्हणून फक्त तेच तीन वाफे मेले. आनंदाने माझा आवाज चढला. “मग लावण कुणी केली? काथ्या कुणी सोडला?”

चन्नप्पा जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. “वैनीनं. लावन तीच करती. काथ्या बी तिनंच वाफ्यात पुरला, कुजून खत हुईल म्हनून.”

त्या मळ्यात माती तिने वाहिली, वेल तिने लावला, पाणी तिने पाजले, पाने तिने खुडली. मी कितीही बारकाईने शोध घेतला तरी शेवटी तिचाच हात सापडणार होता, कारण तिथे दुसऱ्या कुणी हात लावलेलाच नव्हता. जितके खरे सांगू तितकी ती अडकणार होती.

त्या संध्याकाळी मी वहीतले एक कोरे पान काढले आणि खोटे काय बोलायचे ते लिहून काढले. तारीख लिहिली. वाट लिहिली. पायांत काय होते तेही लिहिले. तोंडी परीक्षेची तयारी करावी तसे ते मी चालत चालत म्हणून पाहिले आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या वाक्याला अडलो. लोकांनी मला मारले तर काय, हाही विचार येत होता. कोंडीबाने पुढचा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर कागदावर नसले तर काय, ह्या भीतीने मात्र मी तो कागद पुन्हा पुन्हा उघडून वाची.

अमावास्येला उजाडता उजाडता मी मळ्याजवळ पोहोचलो. अडीच कोस चालत आलो होतो. चिंचेखाली चाळीसेक माणसे जमली होती. काशम्माला एका दगडावर बसवले होते आणि तिच्या मागे निंगव्वाचे दोन पुतणे उभे होते. एकाने तिचे खांदे धरले होते. पुढ्यात केळीच्या पानावर लिंबाचा पाला, राख, आणि एक लहान सांडशी. सांडशी घासून लख्ख केलेली होती. काशम्माचे ओठ घट्ट मिटलेले होते. अंगठ्यावरची नखी तिने काढलेली नव्हती आणि ती त्या नखीने दुसऱ्या हाताची कातडी एकसारखी खरवडत होती. तिथून रक्त आले होते. तिचे तिकडे लक्ष नव्हते.

चन्नप्पा विहिरीच्या काठावर, पाठ करून बसला होता.

“ते झाड मी लावले,” मी म्हणालो.

माझा आवाज इतका बारीक निघाला की पहिल्याने कुणाला ऐकू गेला नाही. मी पुन्हा म्हणालो.

कोंडीबा वळला. “काय म्हनलासा?”

“पुण्याहून आणून मी लावले. प्रयोग म्हणून. इथे जगते का ते बघायला. त्या दिवशी सांगायची लाज वाटली.”

“कवा लावलं?”

“आषाढात. एकादशीची सुट्टी होती, त्या दिवशी.”

“किती?”

“अकरा.”

“आत कुनी सोडलं तुमाला?”

“कुणी नाही. दुपारी कुणी नव्हते. विहिरीच्या उगवतीला कुंपणाला फट आहे, तिथून शिरलो.” ती फट मी त्या दिवशी पाहिली होती.

कोंडीबाने चन्नप्पाला खूण केली. चन्नप्पा उठून गेला. ती फट मधल्या चार दिवसांत बुजवली असेल तर? ती मुळात कालपरवा पडलेली असेल तर?

चन्नप्पा आला. माझ्याकडे एकदा बघून तो म्हणाला, “हाय. फट जुनी हाय.”

“पायांत काय हुतं?” कोंडीबाने विचारले.

“बूट,” मी म्हणालो. “चामड्याचे.”

माणसांतून एक आवाज निघाला, वारा सुटावा तसा. निंगव्वाने कपाळावर हात मारून घेतला. “अय्यो शिवा. बूट घालून. माझ्या मळ्यात बूट घालून.” मग ती कानडीत जे बोलली त्यातले मला निम्मे कळले आणि ते निम्मे पुरेसे होते. एकजण पुढे झाला आणि त्याने माझ्या सदऱ्याची गळपट्टी धरली. कोंडीबाने त्याचा हात बाजूला केला आणि मला चिंचेपलीकडे घेऊन गेला.

तिथे तो माझ्या अगदी जवळ उभा राहिला. त्याच्या अंगाला राखेचा वास येत होता.

“मास्तर, खोटं बोलायची सवय न्हाय तुमास्नी,” तो हळू म्हणाला. “एकादशीला हितं दिवसभर वीस मानसं हुती. उतरनीचं, येल खाली घ्यायचं काम चाललं हुतं. बुटाच्या रागात ह्यास्नी ते आठवलं न्हाय.”

मी चिंचेला धरले.

“पर उनाळ्यातली ती बाई अजून माझ्या डोळ्यांपुढनं हालत न्हाय,” तो म्हणाला. “तुमचं खोटं मला चालतंय. फकस्त येल वाळायचे थांबले पायजेत. न्हाय थांबले, तर झाड तुमचं न्हवतं, आनि मग मला काय बी करता येनार न्हाय. ह्या मानसास्नी तुमी बगितलासा न्हवं?”

परत येऊन त्याने मोठ्याने निकाल सांगितला. ज्याने लावले त्याने स्वतःच्या हाताने उपटायचे, जाळायचे, राख मळ्याबाहेर पुरायची. काशम्माकडे दोष नाही. मास्तरांनी पुन्हा मळ्यात पाऊल घालायचे नाही.

मी अकरा झुबके उपटले. कोंडीबा माझ्यामागे उभा राहून मोजत होता. ओली काडी पेटेना, तेव्हा पाचट घालावे लागले. “डब्यातलं?” त्याने विचारले. घरी दोन नमुने दाबून ठेवलेत, असे मी खरे सांगितले. एक पुतण्या माझ्याबरोबर शुक्रवार पेठेत आला आणि तेही त्याच्या डोळ्यांदेखत चुलीत गेले. सोलापूरच्या मातीत सायलोटम उगवले होते, ह्याचा आता कुठेही पुरावा नाही. मी तसे कुठे लिहून पाठवले तरी चाळीस माणसे शपथेवर सांगतील की ते मास्तरने पुण्याहून आणून लावले होते.

पण त्या सकाळी मला त्याचे काही वाटत नव्हते. मी मळ्यातून निघताना काशम्मा पाय धुवायच्या दगडाशी बसली होती आणि हातावरच्या जखमेला राख लावत होती. मी तिच्याजवळ थांबलो.

“मुळे काळी पडलेले वेल मी त्या दिवशी मोजलेत,” मी म्हणालो. “वरून अजून हिरवे दिसतात. चाळीसएक आहेत. ते जाणारच. आजपासून पाणी तोडले तरी जाणार.”

तिने वर पाहिले. वेल वाळत राहिले की माणसे पुन्हा तिच्याकडेच येणार, हे तिला सांगावे लागले नाही.

“किती दिस?”

“पंधरा. फार तर वीस.”

“भन हाय इंडीला,” ती म्हणाली.

चन्नप्पाला मी वाटेत बाजूला घेऊन एवढेच म्हणालो की त्या वाफ्यांचे पाणी तोडा, चर खणा, आणि वहिनींना चार दिवस बहिणीकडे पाठवा. चार दिवस कशाला, हे त्याने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः तिला गाडीत घालून होटगी स्टेशनावर घेऊन आला. तिथून इंडीवरून जाणारी विजापूरकडची गाडी मिळते. मी आधीच येऊन थांबलो होतो. चन्नप्पाने वहिनीच्या पायांवर डोके ठेवले, बोचके खाली ठेवले आणि लगेच गाडी वळवली. गावाकडून कुणी येण्याआधी त्याला घरी दिसायचे होते.

आगगाडीला अर्धा तास होता. फलाटावर दोन घोंगडीवाले येऊन बसले आणि आमच्याकडे बघू लागले. ते कोण, कुठले, मला माहीत नव्हते. त्यांच्यातला एक उठून पाणपोईकडे गेला तेव्हा मी सरकून काशम्माच्या पुढे उभा राहिलो.

काशम्मा बोचक्यावर बसली होती.

“मास्तर, एक इचारू? हितं कुनी न्हाय. खरं सांगा.”

“विचारा.”

“ते झाड तुमीच लावलासा?”

तिला ठाऊक असेल असेच मी धरून चाललो होतो.

“पैल्यांदा मीच बगितलं ते,” ती म्हणाली. “श्रावनात. कुनाला बोलले न्हाय. रोज सकाळी जाऊन बगायची. दोनाचं चार, चाराचं आठ. न्हवरा गेला तवा सासू म्हनली, हिच्यामुळं. पोरगं गेलं तवा म्हनली. तवा मी भांडले. पर ह्ये झाड बगितलं आनि माझं मला भ्या वाटाया लागलं. झोपंत मानूस काय करतंय, त्येला कुटं कळतंय? माझ्या हातनंच काय तरी झालं आसंल. त्या दिशी दगडावर बसले तवा म्हनलं, पाडू द्या. खरं आसंल तर पाडलेलं बरं. मग तुमी आलासा.”

तिने पदराने तोंड पुसले. “तुमी म्हनलासा आनि माझ्या छातीवरचं उतरलं. पर रातभर झोप न्हाय. मास्तर आपल्यासाठी खोटं बोलले आसतील तर? मग ते झाड कुनाचं?”

कुणाचेच नाही, हे खरे उत्तर होते. काथ्यातून आलेली धूळ, ओली माती, तीन वर्षे. तो काथ्या कुणी पुरला, हे ती लगेच विचारणार होती. तिच्या हातावरची राख अजून तशीच होती आणि त्याखाली नखीचे ओरखडे रांगेने दिसत होते.

“मीच लावले,” मी म्हणालो.

“बूट घालून?”

“बूट घालून.”

ती माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. मी डोळे हलवले नाहीत. कोंडीबापुढे मला हे जमले नव्हते. दूर रुळांवर गाडी दिसू लागली. घोंगडीवाले उठले आणि आपापली बोचकी उचलून गाडीत चढायला निघाले. ते साधे प्रवासी होते.

मी तिचे बोचके डब्यात चढवले. ती खिडकीशी बसली. गाडी हलली तेव्हा तिने बाहेर डोके काढले आणि एखाद्या वाह्यात पोराला दटावावे तशी म्हणाली, “लई वंगाळ केलासा मास्तर. पुन्ना कुनाच्या मळ्यात आसं करू नगा.”

“नाही करणार,” मी म्हणालो.